खोका उघडला की दुकान

चिपळूणच्या एका किराणा दुकानात गल्ल्याशेजारी मी डिझाइन केलेला डिस्प्ले ठेवलेला होता. मला तो आधी ओळखूच आला नाही. कमानीसारखं वळण दिलेलं त्याचं हेडर गायब होतं. चौकशी केल्यावर दुकानदार म्हणाले, "पार्सलमध्ये ते मोडूनच आलं होतं. उरलं होतं ते मागच्या बरण्यांच्या आड येत होतं. मग टाकलं कापून." कात्री त्यांच्या गल्ल्यातच होती.

गिऱ्हाइकाला खूश करणारं, कॉम्प्युटरवर झक्क दिसणारं ते डिझाइन दुकानदारांनी अर्ध्या मिनिटात दुरुस्त केलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मोडायचंच हेडर सुखरूप पोचावं म्हणून आम्ही खोक्याची उंची दुपटीहून जास्त केली होती. म्हणजे टेम्पोभर हवा पाठवली होती आणि तिचं भाडंही भरलं होतं.

चिक्की, मसाल्याच्या पुड्या, कोकमाच्या गोळ्या, साबण, उटणं असा छोटा माल बनवणारे अनेक उद्योग आणि बचतगट आज दुकानाच्या फळीवर जागा मिळवू पाहतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पुठ्ठ्याच्या डिस्प्लेला दोन आयुष्यं असतात. वाटेत तो वीट असतो आणि दुकानात खिडकी. त्याची रचना वीट म्हणून सुरू करावी आणि खिडकी त्या विटेतूनच उघडावी. उलट्या क्रमाने गेलात तर माझ्या कमानीसारखं होतं.

आधी टेप घ्या, मग पेन्सिल

डिझायनरकडे जाण्याआधी पाच-सहा दुकानं फिरा. हातात मोजपट्टी असू द्या. गल्ल्याशेजारी रिकामी जागा किती रुंद आहे? काचेच्या बरण्यांची उंची किती? फळीवर ठेवायचा असेल तर दोन फळ्यांमध्ये अंतर किती, आणि फळी खोल किती? सुपरमार्केटची फळी आणि किराणा दुकानाचा काउंटर ही दोन वेगळी गावं आहेत. सुपरमार्केटात खोली बऱ्यापैकी मिळते, पण वरच्या फळीमुळे उंचीला कडक मर्यादा असते. किराणा दुकानात डोक्यावर आकाश मोकळं असतं, पण काउंटरवर तळहाताएवढ्या जागेसाठी दहा कंपन्या भांडत असतात.

म्हणून काउंटरच्या डिस्प्लेचा एक साधा नियम लक्षात ठेवा: रुंदी कमी, खोली जास्त. दुकानदार समोरची लांबी जपतो. मागे खोल गेलेलं त्याला फारसं खटकत नाही.

एक उदाहरण धरून चालू

समजा, आपल्याकडे २५ ग्रॅमची राजगिरा चिक्की आहे. वेष्टनासकट एक नग १२० मिमी उंच, ४५ मिमी रुंद आणि १५ मिमी जाड. एका डिस्प्लेमध्ये २४ नग हवेत.

हे नग उभे करून शेजारी-शेजारी दोन रांगा लावल्या, प्रत्येक रांगेत मागे-मागे १२, तर ९० मिमी रुंद, १८० मिमी खोल आणि १२० मिमी उंच असा गठ्ठा होतो. दोन रांगांमध्ये एक पडदा लागतो. बोटं घालायला आणि वेष्टनाच्या फुगवट्यालाही थोडी सैल जागा लागते. म्हणून आतलं माप ९४ × १८६ × १२२ मिमी धरू. पुठ्ठा दीड मिमी जाड असेल तर बाहेरचं माप ९७ × १८९ × १२५ मिमी होतं.

माल, वेष्टन आणि पुठ्ठा मिळून वजन साधारण ७२० ग्रॅम. आता हे आकडे कुरिअरच्या काट्यावर ठेवून बघू.

हवेचं भाडं

हवाई कुरिअरमध्ये सहसा दोन वजनं मोजतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, की आकारमानाचं वजन किलोत मिळतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. रस्त्याने जाणाऱ्या मालाला भाजक वेगळा असू शकतो. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो विचारून घ्या. तत्त्व मात्र तेच राहतं.

आता दोन डिझाइनं समोरासमोर ठेवू. पहिल्यात हेडर कायमचं उभं आहे आणि एकूण उंची ३०० मिमी. दुसऱ्यात हेडर झाकणात दुमडलेलं आहे आणि उंची १२५ मिमी. हे डिस्प्ले ज्यात भरून पाठवायचे त्या मोठ्या खोक्याचा तळ दोन्हींसाठी एकच: लांबीत दोन आणि रुंदीत तीन डिस्प्ले. तीन प्लायच्या खोक्याची जाडी धरून हा तळ बाहेरून ३८६ × ३०० मिमी भरतो.

उभ्या हेडरचा एकच थर बसतो, म्हणजे ६ डिस्प्ले. खोक्याची उंची ३१२ मिमी. आकारमानाचं वजन ७.२ किलो, काट्यावरचं जेमतेम ४.८. पैसे ७.२ चे, म्हणजे एका डिस्प्लेमागे १.२ किलोचं भाडं.

दुमडलेल्या हेडरचे दोन थर बसतात, म्हणजे १२ डिस्प्ले. खोक्याची उंची २६२ मिमी. आकारमानाचं वजन ६.१ किलो, काट्यावरचं सुमारे ९. पैसे ९ चे, म्हणजे डिस्प्लेमागे ७५० ग्रॅम. इथे आपण फक्त मालाचं भाडं भरतो, हवेचं नाही. १०० डिस्प्ले पाठवायचे तर पहिल्या पद्धतीला १७ खोके लागतात, दुसरीला ९. खोक्यांचा खर्च, हमाली, गोदामातली जागा हे सगळं याच प्रमाणात वाढतं किंवा घटतं.

आणखी एक गोष्ट बघा. आपल्या मोठ्या खोक्याचा तळ ४०० × ३०० मिमीच्या आत बसला. हे माप मुद्दाम धरलं आहे. माल-वाहतुकीत ६०० × ४०० मिमी हे पायाभूत माप मानतात आणि ४०० × ३०० हे त्याच्या बरोबर निम्मं. १२०० × १००० मिमीच्या पॅलेटवर ४०० × ३०० चे दहा खोके एका थरात चपखल बसतात: एका ओळीत चार उभे, पुढच्या दोन ओळींत तीन-तीन आडवे. कुठेही खोका काठाबाहेर लोंबत नाही. आज तुमचा माल एसटी पार्सलने जात असेल, पॅलेटशी संबंधही नसेल. पण उद्या एखाद्या साखळी दुकानाच्या गोदामात जायची वेळ आली तर खोका नव्याने काढावा लागणार नाही.

हेडर झाकणातच लपवा

आता खरी गंमत. हेडर वेगळं पाठवलं तर दुकानदार ते लावत नाही. ते खोक्याच्या तळाशीच राहतं. म्हणून खोक्याचं झाकणच हेडर व्हायला हवं.

आपल्या खोक्याचं झाकण मागच्या भिंतीला जोडलेलं आहे आणि ते १८९ मिमी खोल आहे. ते नुसतं मागे उभं केलं तर दोन अडचणी येतात. एक, ते फार उंच होतं. दुसरी, गिऱ्हाइकाला झाकणाची आतली बाजू दिसते, आणि ती कोरी असते. आतून छापायचं म्हणजे छपाईचा खर्च पुन्हा.

यावर उपाय असा. झाकणाच्या मधोमध आडवी घडी द्या. झाकण उभं करा आणि वरचा अर्धा भाग पुढच्या बाजूने खाली दुमडा. आता बाहेर छापलेली बाजूच गिऱ्हाइकाकडे येते. उंची राहते ९५ मिमीच्या आसपास, आणि पुठ्ठा दुहेरी झाल्यामुळे हेडर ताठ उभं राहतं. मजा म्हणजे बंद खोका समोरून बघताना झाकणाच्या पुढच्या अर्ध्या भागावर जे नाव सरळ वाचता येतं, तेच हेडर झाल्यावरही सरळच वाचता येतं. एक छपाई, दोन कामं. झाकणाची पुढची जीभ, जी बंद असताना आत खोचलेली असते, ती आता मागच्या भिंतीतल्या अर्धगोल चिरेत अडकवायची. गोंद नको, टेप नको.

दोन सावधगिऱ्या. पूर्ण उलटी घडी बसायची असेल तर तिथे एकाऐवजी दोन क्रीझ जवळजवळ द्या, नाहीतर पुठ्ठा फुगतो आणि छपाई तडकते. आणि जिभेची रुंदी चिरेपेक्षा किंचित कमी ठेवा. कॉम्प्युटरवर बरोबर बसणारी जीभ पुठ्ठ्यात नेहमी घट्ट होते.

पुढचा ओठ आणि मधला पडदा

पुढची भिंत फाडून काढायची असते. फाडण्याची रेघ तळापासून किती उंचीवर हवी? मालाच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा ओठ ठेवावा. आपल्या चिक्कीला ४० ते ४५ मिमी. त्याहून उंच झाला तर चिक्कीचं नाव झाकलं जातं; खुजा झाला तर पुढचा नग काउंटरवर आडवा होतो. वेष्टनावर नाव खालच्या बाजूला छापलं असेल, तर ओठ खाली आणण्यापेक्षा वेष्टन बदलणं बरं.

फाडण्याची रेघ कोपऱ्यापर्यंत नेऊ नका. थरावर थर चढतो तेव्हा भाराचा मोठा भाग खोक्याचे उभे कोपरे पेलतात. आठ-दहा मिमीचा खांब दोन्ही बाजूंना अखंड ठेवला तरी खिडकी पुरेशी मोठी मिळते. परफोरेशन कसं आहे हेही बघून घ्या. फार हलकं असेल तर वाटेतच फाटतं. फार घट्ट असेल तर दुकानदार सुरी घेतो आणि सुरी चिक्कीच्या वेष्टनात जाते.

दोन रांगांमधला पडदा ही चैनीची गोष्ट नाही. एका रांगेतली चिक्की आधी संपली की दुसरी रांग रिकाम्या जागेत कलंडते. पडदा ते थांबवतो. शिवाय वरच्या थराचा भार मधोमध पेलायला एक भिंत मिळते.

कोणता पुठ्ठा?

हलका माल, समजा अर्ध्या किलोपर्यंतचा, असेल तर ३५० ते ४०० जीएसएमचा डुप्लेक्स बोर्डावर भागतं. त्यापुढे ई फ्लूटचा पातळ कोरोगेटेड पुठ्ठा घ्या, दीड मिमीच्या आसपासचा. त्यावर छापलेला कागद चिकटवतात. बाहेरच्या मोठ्या खोक्याला तीन प्लाय, बी फ्लूट, साधारण तीन मिमी जाडीचा पुरतो. माल जड असेल किंवा थर उंच चढणार असतील तर पाच प्लाय. कोरोगेटेडवाल्याशी बोलताना नुसतं "मजबूत द्या" म्हणू नका. क्राफ्ट कागदाचा जीएसएम आणि बीएफ (बर्स्टिंग फॅक्टर) दोन्ही विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दिशेचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कोरोगेटेड पुठ्ठ्यात आतल्या नागमोडी नळ्या उभ्या राहायला हव्यात; आडव्या असतील तर भाराखाली खोका बसतो. डुप्लेक्सच्या डब्यात उलट: कागदाच्या तंतूंची दिशा (ग्रेन) डब्याभोवती आडवी फिरली पाहिजे, म्हणजे उभ्या घड्यांना काटकोनात. नाहीतर डब्याच्या भिंती पोट काढतात. हे डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, बनवण्याआधी ठरवायचं असतं. नंतर फक्त पश्चात्ताप उरतो.

सपाट खोक्याचं गणित

घडीचा पुठ्ठ्याचा खोका हा अपघाताने लागलेला शोध आहे. १८७९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या कागदी पिशव्या छापणाऱ्याच्या कारखान्यात घडी पाडणारी धातूची पट्टी चुकून वर सरकली आणि तिने पिशव्या कापल्या. गेअरला कळलं की एकाच दाबात कापही पडू शकतो आणि घडीही. आजची आपली डाय त्याच तत्त्वावर चालते.

अशा डायवर कापलेला खोका उघडेपर्यंत सपाट राहतो. या सपाटपणाचा फायदा तुम्हाला छापखान्याकडून माल आणतानाच मिळतो. घडी न केलेले हजार डिस्प्ले एका टेबलाखाली मावतात. त्यासाठी तळ "लॉक बॉटम" घ्या: दाबला की बसणारा, गोंद न लागणारा. मशीनवर चिकटवलेला क्रॅश लॉक आणखी पटकन उघडतो, पण महाग पडतो. रोज शे-दोनशेच भरायचे असतील तर साधा लॉक पुरेसा आहे.

छापखान्यात जाऊन त्यांच्या शीटचं माप विचारा आणि तुमचा पसरलेला खोका त्यावर किती वेळा बसतो ते स्वतः बघा. एकाचं झाकण दुसऱ्याच्या रिकाम्या खाचेत गुंफता येतं का? कधी कधी पाच-सात मिमी कमी केले की शीटवर आणखी एक नग बसतो. ती बचत प्रत्येक ऑर्डरला मिळत राहते.

पावसाळा विसरू नका

पुठ्ठा हवेतली ओल पितो. दमट हवेत कोरोगेटेड खोक्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. जूनमध्ये कोल्हापूरहून निघालेला खोका जुलैत रत्नागिरीच्या गोदामात उभा राहायचा असेल तर डिसेंबरची मजबुती कामाची नाही. म्हणून उन्हाळ्यात जेमतेम पास होणारा खोका नापास समजा. थर लावताना एकावर एक कोपरे जुळवून लावा. विटांसारखी जोडाजोडी केली की ढीग हलत नाही हे खरं, पण कोपऱ्यावर कोपरा येत नाही आणि बरीच ताकद वाया जाते. खोक्याखाली फळी टाका, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा.

रिकामी जागा भरायला थर्माकोल घालण्याचा मोह होईल. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोल आणि प्लॅस्टिकवर निर्बंध आहेत, तेव्हा नियम बघूनच पुढे जा. मुळात रिकामी जागा उरलीच तर माप चुकलं आहे असं समजा.

छापायचं काय, आणि काय नाही

हेडरवर मालाचं नाव, एक ओळ आणि किमतीसाठी कोरी चौकट, बस. किंमत छापू नका. गुळाचे भाव बदलले की हजार हेडर फुकट जातात. किमतीचा स्टिकर लावा. कायद्याने लागणारी माहिती, म्हणजे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तारीख, तक्रारीसाठी संपर्क, ही २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार प्रत्येक नगावर हवीच. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी चिन्हही. डिस्प्लेवर ते छापलं म्हणून नगावरून सुटका होत नाही.

मोठ्या खोक्यावर मालाचं नाव आणि नगसंख्या दोन शेजारच्या बाजूंवर ठळक छापा. गोदामात खोका कसाही ठेवला तरी वाचता आलं पाहिजे. आणि डिस्प्लेच्या झाकणावर उघडण्याची तीन चित्रं द्या: फाडा, उभं करा, खोचा. लेखी सूचना कोणी वाचत नाही.

डमीची परीक्षा

डाय बनवण्याआधी पांढऱ्या पुठ्ठ्याची हाताने कापलेली डमी करून घ्या. बहुतेक छापखाने सांगितलं की करून देतात. मग या परीक्षा घ्या:

• डमी एखाद्या अनोळखी दुकानदाराच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तुम्हाला बोलावं लागलं तर डिझाइन अजून झालेलं नाही.

• वरचा पंखा फुल्ल करा आणि पुढचे तीन नग सोडून बाकी काढून टाका. हेडर वारा धरतं. खोका पुढे कलला तर हेडर छोटं करा किंवा तळ खोल करा.

• भरलेला मोठा खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडा: एकदा कोपऱ्यावर, तीनदा काठांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. नऊ-साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्यांसाठी ही उंची सर्रास वापरली जाते. नंतर उघडून बघा, हेडरची घडी शाबूत आहे का?

• मोठ्या खोक्यावर वजन ठेवून आठवडाभर न्हाणीघराशेजारी ठेवा. कोपरा चेपला तर कागद बदला.

मोठी ऑर्डर असेल आणि खात्रीचे आकडे हवे असतील तर मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. १९६६ पासून चालणाऱ्या या संस्थेत खोक्यांच्या दाबाच्या आणि पाडण्याच्या चाचण्या होतात.

दोन आठवड्यांनी परत जा

सगळं जमलं, माल पोचला, तरी काम संपत नाही. दोन आठवड्यांनी त्याच दुकानांत परत जा आणि काउंटरवर नजर टाका. हेडर उभं आहे की खाली दाबलंय? ओठाला कुठे काप मारलाय? डिस्प्ले गल्ल्याशेजारी आहे की मागच्या फळीवर सरकलाय? दुकानदाराने जे कापलं, वाकवलं, काढून टाकलं, तो तुमच्या पुढच्या डिझाइनचा आराखडा आहे, आणि तो फुकट मिळतो.

चिपळूणचे ते दुकानदार आता आमच्या प्रत्येक नव्या डमीचे पहिले परीक्षक आहेत. मागच्या वेळी डमी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी झाकण उभं केलं, वरचा भाग दुमडला, जीभ खोचली आणि हात मागे घेतला. मी गल्ल्याकडे बघत होतो. कात्री आतच राहिली.